भाऊ मयेकर आणि नात्याचा पुरावा

भाऊबीजेला बहीण भावाला ओवाळते, हे सगळीकडेच चालतं. आमच्या मांडवीत ओवाळून घेताना भावाने हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरायचं असतं. पहिलं पान समोर, तारीख दिसेल असं, छातीशी. पुढ्यात निरांजन हलतंय, डोक्यावर अक्षता पडताहेत आणि भाऊराया पळवून नेलेल्या माणसासारखा पेपर धरून ताठ बसलाय, असे फोटो आमच्या आळीत घरोघरी निघतील. ज्या वर्षी पेपरवाल्यांना दिवाळीची सुट्टी असते त्या वर्षी रोज पान फाडायचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवून मांडीवर घेतात. बाहेरगावचा पाहुणा हे बघून चक्रावतो. त्याला वाटतं, कोकणातली काहीतरी जुनी चाल असावी. जुनी वगैरे काही नाही. ती भाऊ मयेकरांनी पाडली आहे.

भाऊ मयेकर म्हणजे नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीतून निवृत्त झालेले कारकून. बत्तीस वर्षं त्यांनी गावात कोण आलं आणि गावातून कोण गेलं ते लिहिलं. आता अमेरिकेला कोण गेलं आणि कोण जायचं राहिलं ते लिहितात. तिकडे स्थायिक झालेल्या बहिणीला इथल्या भावाला बोलवायचं असतं, मुलाला आईबापांना न्यायचं असतं. त्यासाठी तिकडच्या सरकारकडे अर्ज करावा लागतो आणि अर्जाबरोबर आपण खरोखरच एकमेकांचे कोणीतरी लागतो हे कागदावर, आणि भाऊंच्या मते तारीखवार फोटोंतही, दाखवून द्यावं लागतं. हा सगळा कारभार भाऊंच्या पडवीत चालतो. ते कोणाकडून काही घेत नाहीत. घेतलं असतं तर बरं झालं असतं. निदान त्यांना चार शब्द सुनावता आले असते.

अंगाने काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा सदरा, सदऱ्याच्या खिशात भिंग. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, हाताकडे बघतात. हातात कागद आहे का म्हणून. त्यांच्या तोंडी एक शब्द कायमचा बसलेला आहे. तुम्ही म्हणा, काल जेटीवर एवढी मोठी सुरमई बघितली. भाऊ म्हणणार, "पुरावा?" तुम्ही म्हणा, यंदा आंबा लवकर मोहरला. "पुरावा?" शेजारच्या काकू वारल्या तेव्हा भाऊ समाचाराला आले, दोन मिनिटं मान खाली घालून बसले आणि उठताना काकूंच्या मुलाला हळूच म्हणाले, दाखल्याच्या दहा प्रती काढून ठेव, पुढे लागतात. दहा प्रती हा त्यांचा कुठल्याही सुखदुःखावरचा सल्ला असतो. त्यांचं स्वतःचं लग्न झालं नाही. असं सांगतात की तरुणपणी एका मुलीकडच्यांनी पत्रिका मागवली होती आणि ह्यांनी जन्मदाखल्याची साक्षांकित प्रत पाठवली. पुढे त्या लोकांचं उत्तर आलं नाही.

पडवीच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. महिन्यातून एकदा अमेरिकेचं सरकार एक पत्रक काढतं. कुठल्या नात्याचे, कुठल्या तारखेपर्यंत आलेले अर्ज आता विचारात घेतले जातील, ते त्यात असतं. पत्रक आलं की भाऊ आंघोळ करून फळा पुसतात आणि खडूने नवी तारीख लिहितात. भावाबहिणींची रांग सगळ्यांत लांब, वीस-वीस वर्षांची. तिला ते 'एफ-फोर' म्हणतात आणि त्या रांगेतल्या माणसांनाही एफ-फोरच म्हणतात. सकाळी जेटीवर फिरायला जाणारी मंडळी आधी फळ्याकडे मान वळवतात. बऱ्याचदा तिथे एवढंच असतं, 'एफ-फोर : हलली नाही'. तेवढं वाचून धडधाकट माणसं उदास होऊन पुढे चालू लागतात. आईबापांना रांग नसते, मुलाने बोलावलं की ती जातात. म्हणून भाऊंना आईबापांत फारसा रस नाही. बिनरांगेचं नातं त्यांना उगीच लाडावलेलं वाटतं.

आता गंमत अशी, की ह्या भाऊंची स्वतःची एक बहीण अमेरिकेत आहे. नलू नाव. पंचेचाळीसेक वर्षांपूर्वी लग्न होऊन गेली. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो आणि भाऊंना ऐकू कमी येत असल्यामुळे तो अख्ख्या आळीला ऐकू येतो. पाऊसपाणी होतं, गुडघे होतात, आणि शेवटी नलूताई विचारतात, "भाऊ, कधी येतोस रे?" भाऊ म्हणतात, "तारीख लागली की." मी मूळचा सावर्ड्याचा, बँकेच्या बदलीवर मांडवीत आलो आणि इथलाच झालो. त्याला आता बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं मी हा प्रश्न आणि हे उत्तर ऐकतो आहे. भाऊंच्या हाताखालून अर्ज गेलेली किती माणसं जाऊन तिकडे स्थिरावली, त्यांची नातवंडं इकडे येऊन आपल्याच घरात डास फार म्हणून रडली, पण भाऊंची तारीख काही लागली नाही. जगाच्या फायली हलवणाऱ्या माणसाची स्वतःची फाइल हलत नाही, ह्यावर आम्ही मागून खूप हसलो आहोत. त्यात सर्वांत मोठ्याने मी.

भाऊंचं खरं कसब म्हणजे प्रेम उभं करणं. वरच्या आळीतल्या दोघा भावांचं उदाहरण सांगतो. बांधावरचा फणस कोणाचा, ह्यावरून त्यांचा दावा चालू आहे आणि बारा वर्षांत ते एकमेकांशी बोललेले नाहीत. त्यातला थोरला अमेरिकेत. धाकट्याला पुढेमागे तिकडे जाता यावं, म्हणून बायकांनी आपापसात बोलून अर्ज करायचं ठरवलं. नात्याला पुष्टी म्हणून चार फोटो हवेत, असं भाऊंनी काढलं. गणपतीत थोरला आला तेव्हा भाऊंनी दोघांना एकाच आरतीच्या तबकाला हात लावून उभं केलं. एकाने डाव्या कडेला धरलं, दुसऱ्याने उजव्या. तोंडं दोन दिशांना. भाऊंनी दोघांच्या हनुवट्या धरून वळवल्या, थोरल्याचा हात उचलून धाकट्याच्या खांद्यावर ठेवला आणि फोटो होईपर्यंत तो तिथे राहावा म्हणून मागून स्वतः दाबून धरला. फोटो निघाल्याबरोबर थोरल्याने हात धोतराला पुसला. मी भाऊंना म्हटलं, ही शुद्ध फसवणूक आहे. ते म्हणाले, "फसवणूक कसली? नातं खरं आहे. प्रेमाचा रकाना त्या फॉर्मात नाय."

अशा माणसाच्या हातात माझ्या बायकोची फाइल होती.

माझा मेहुणा सुधीर टेक्सासला असतो. आमची मुलगी रांगत होती तेव्हा त्याने बहिणीसाठी अर्ज केला आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक फोनवर तो केल्याची आठवण दिली. मुलगी शाळेत गेली, कॉलेजात गेली, तिचं लग्न होऊन ती पुण्याला गेली, तेव्हा कुठे एके सकाळी फळ्यावर आमची तारीख लागली. भाऊ स्वतः सांगायला आले. चहा घेतला नाही. दाखले काढा म्हणाले. मी मोठ्या ऐटीत सगळे कागद पुढे ठेवले. भिंग लावून त्यांनी ते दोनदा वाचले, मग भिंग खाली ठेवून माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी करून बसलो आहे हे मला कळलं.

झालं होतं ते असं. बायकोचा जन्म तिच्या आजोळी, केळशीला. तिथल्या नोंदीत आणि शाळेच्या दाखल्यात तिचं नाव कुंदा. सुधीरने अर्जात लिहिलेली बहीण कुंदा. लग्नात मी तिचं नाव बदलून मृणाल ठेवलं. का ठेवलं, तर त्या काळी मला ते नाव आवडायचं, ह्यापलीकडे माझ्याकडे कारण नाही. कॉलेजातली एक मृणाल होती असं बायको म्हणते, पण त्याला पुरावा नाही. विवाहनोंदणी झाली मृणालच्या नावाने, पासपोर्ट मृणालचा, रेशनकार्ड मृणालचं. थोडक्यात, सुधीरने बोलावलं होतं कुंदाला आणि जायला निघाली होती मृणाल. कुंदाचं काय झालं ह्याबद्दल एकाही कागदावर अवाक्षर नव्हतं.

भाऊंनी मला सरळ विचारलं, "पहिल्या बायकोचं काय केलंत तुम्ही? तो अमेरिकन साहेब हेच विचारणार."

मी म्हटलं, अहो, आपल्याकडे लग्नात नाव बदलतातच, ताटात तांदूळ पसरून अंगठीने नाव लिहितात, सगळ्यांना ठाऊक आहे. भाऊंचे डोळे एकदम लकाकले. त्यांनी विचारलं, ताटाचा फोटो आहे का? तिथून पुढचे तीन दिवस आमच्या घरात लग्नाचा अल्बम उघडा होता आणि भाऊ पाटावर बसून भिंगाने तांदूळ वाचत होते. एका फोटोत फोटोग्राफरने ताटाऐवजी भटजींना महत्त्व दिलं होतं. दुसऱ्यात माझ्या मामेबहिणीची वेणी आडवी आली होती. तिसऱ्यात कोणा काकांचा पेढा घेणारा हात 'मृ'वर पडला होता. भाऊ प्रत्येक अडथळ्याचं नाव-गाव विचारून चुकचुकत होते. माझं अक्षर लग्नातसुद्धा किती वाईट होतं ह्यावर बायकोने ह्या निमित्ताने पुन्हा एकदा बोलून घेतलं. अखेर चौथ्या दिवशी अल्बमच्या मागच्या कप्प्यात एक सुटा फोटो सापडला. त्यात ताट पूर्ण होतं, नाव वाचता येत होतं, मागे बायको डोकं खाली घालून बसली होती आणि कोपऱ्यात, ही भाऊंच्या मते देवाची करणी, पंचविशीतला सुधीर आईस्क्रीम खात उभा होता.

भाऊंनी तो फोटो मोठा करून घेतला, तांदळावरच्या अक्षरांचं इंग्रजी भाषांतर करवलं, त्या भाषांतरावर नोटरीचा शिक्का घेतला आणि त्याच्या दहा प्रती काढल्या. आपल्या जेवणातला एक पदार्थ साक्षांकित झालेला मी प्रथमच पाहिला. केळशीला जाऊन त्यांनी नव्वदीची एक आजी शोधली. कुंदाचीच मृणाल झाली आणि ती लहानपणी चिंचेवरून पडली होती, एवढं तिच्याकडून लिहून घेतलं. चिंचेची गरज नव्हती. पण आजींचं म्हणणं पडलं की ते लिहायचं नसेल तर अंगठाही उठवणार नाही.

कागद गेले आणि मुलाखतीचं पत्र आलं. माझ्या डोक्यात जरा हवा गेली. त्या सकाळी जेटीवर आम्ही पाचसहा जण होतो, भाऊही होते, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, भाऊ, तुमच्यामागून आलेले लोक पार पोहोचले. तुमची फाइल कुठल्या सालातली हो? खरंच आहे ना? मग खास त्यांच्या आवाजात विचारलं, "पुरावा?"

सगळे खो खो हसले. भाऊंनी वाकून चपलेचा अंगठा नीट केला. जुनी आहे, एवढंच म्हणाले आणि घराकडे वळले. दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले, मुलाखतीला कुठला कागद कितवा द्यायचा ह्याची यादी घेऊन. आदल्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. मला वाटलं, ह्या माणसाला काही लागत नाही. किती सोयीस्कर असतं असं वाटणं.

मुंबईला अमेरिकन वकिलातीत खिडकीपलीकडच्या गोऱ्या बाईने फाइल चाळली. तांदळाच्या फोटोवर ती थांबली, तिने बायकोला विचारलं, हे नाव तुम्हाला विचारून ठेवलं होतं का? बायकोने माझ्याकडे बघत नाही म्हणून सांगितलं. बाई हसली आणि आमचं काम झालं. दिवाळीनंतर निघायचं ठरलं.

आणि त्याच दिवाळीला नलूताई आल्या.

त्यांचा मुलगा त्यांना गाडीने घेऊन आला. गाडीतून त्यांना दोघांनी धरून उतरवलं. सत्तरीच्या, बारीक, केस अगदी पांढरे, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं परदेशात काढून बोलणं मात्र मांडवीचंच. मला बघून म्हणाल्या, "तुमच्याच ना लग्नातले तांदूळ? भाऊने मला तीन रविवार तेच वाचून दाखवलंन." दुपारी त्या माझ्या बायकोशी बोलत बसल्या तेव्हा कळलं, की यजमान गेल्यावर त्या घरात एकट्याच असतात. हृदय अर्धंच चालतं. मुलगा जवळच्या गावात राहतो, औषधोपचार सगळे तिथले, ते सोडून इथे राहता येत नाही. डॉक्टरांनी एवढ्या लांबच्या प्रवासाला एकदाच परवानगी दिली होती, तीही त्यांनी भांडून मिळवलेली. आता भाऊच तिकडे आला तर भेट, नाहीतर ही शेवटची. हे त्यांनी करंज्या निवडून डब्यात भरता भरता सांगितलं.

बायकोने हे मला सांगितलं आणि मी तडक भाऊंच्या पडवीत गेलो. जेटीवरचं बोलणं मला टोचत होतं, ते असं भरून निघेल असं वाटलं. म्हटलं, भाऊ, बास झालं रांगेत उभं राहणं. नाहीतर नुसते भेटायला म्हणून जा. ते म्हणाले, त्यासाठी दोनदा जाऊन आलो मुंबईला. बायको नाही, पोर नाही, मग परत कशासाठी येशील, असं साहेबाने विचारलं. मी सांगितलं, इथे लोकांच्या फायली आहेत. त्याला ते पटलं नाही. मग त्याने विचारलं, बहीण म्हणतोस तर तिच्या बापाचं नाव वेगळं कसं?

"कसं?" मी विचारलं.

"वेगळंच आहे ते," भाऊ म्हणाले.

मग उठून त्यांनी कपाट उघडलं. आळीतल्या सगळ्यांच्या फायली तिथे नावाने लावलेल्या होत्या. मयेकर नावाची फाइल नव्हती. कधी नव्हतीच. त्यांनी एका पाकिटातून एक जुनी प्रत काढली, जन्मनोंदीच्या रजिस्टरातल्या एका ओळीची.

"नलू आमच्या मागच्या खोपटात जन्मली," भाऊ म्हणाले. "बापूस तिचा बोटीवर होता, गेला तो आला नाय. आई तापाने गेली तेव्हा नलू तीन वर्षांची. माझ्या आयेने तिला उचललंन आणि आमच्यात आणून निजवलंन. कागद करायचा असतो हे कोणाला ठाऊक? सगळी जुनी माणसं गेली. आता हे मला आणि तिलाच माहीत."

मग जे सुचलं ते मी बोललो. म्हटलं, भाऊ, दोन प्रतिज्ञापत्रं करू. एक मी देतो. नलूताई तुमच्या आईच्या पोटची, असं शपथेवर लिहून देतो.

"तुम्ही सावर्ड्याचे," भाऊ म्हणाले. "आणि तुमची गरज पण नव्हती. बत्तीस वर्षं ते रजिस्टर माझ्याच ताब्यात होतं. ह्या ओळीत आईचं नाव आहे, चंद्रभागा. ते खोडून तिथे माझ्या आयेचं घातलं असतं तर नलू माझी सख्खी बहीण झाली असती. बापाचं पण तसंच. शाई माझी, अक्षर माझं. कोण विचारणार होता? नलू तर सही करायला तयार होती. तिला आई आठवतच नाय."

"मग का नाही केलंत?"

"मला आठवते ना. काजूच्या बिया भाजून द्यायची." त्यांनी त्या कागदाची घडी नीट केली. "त्या बाईचा फोटो नाय. कुठल्या कार्डावर नाव नाय. ती गेली त्याची नोंदसुद्धा कोणी केली नाय. ती या जगात होती ह्याचा तेवढा एकच पुरावा आहे. तो मी खोडू?"

फळ्यावर त्या महिन्याची तारीख होती. बावीस वर्षं ह्या माणसावर हसलो त्याची मला त्या दिवशी फार लाज वाटली, आणि जेटीवर त्यांच्या आवाजात विचारलेल्या त्या शब्दाची तर अजून वाटते. मी एवढंच विचारलं, की मग रविवारचं ते तारीख लागली की, ते काय? भाऊ म्हणाले, ती विचारते, मी सांगतो. दोघांना माहीत आहे. तिने विचारायचं सोडलंन तर मी काय सांगू?

भाऊबीजेला त्यांनी मला फोटो काढायला बोलावलं. दर वर्षी आळीभर हा मान त्यांचा. आज त्यांना पाटावर बसायचं होतं. नवा सदरा, घडीच्या खुणा तशाच. खिशात भिंग नव्हतं. नलूताईंना वाकता येत नव्हतं, म्हणून पाट बाकावर मांडला होता आणि त्या समोर खुर्चीवर बसल्या होत्या. पेपर आलेला होता. बावीस वर्षांची सवय, मी तो पहिलं पान वर करून, तारीख दिसेल असा दुमडून भाऊंच्या हातात दिला.

भाऊंनी तो घेतला. थोडा वेळ बघितला. मग घडी करून बाकाखाली टाकला.

"भाऊ, तारीख दिसायला नको?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "हा कोणाला पाठवायचा नाय."

नलूताईंनी तबक उचललं. त्यांना ते पेलेना, निरांजन कलंडेल असं वाटत होतं. भाऊंचे दोन्ही हात मोकळे होते. त्यांनी ते पुढे केले आणि खालून तबक धरलं, आणि दोघांनी मिळून ते भाऊंच्याच तोंडाभोवती फिरवलं. असं ओवाळलेलं मी कधी बघितलं नव्हतं. नलूताई म्हणाल्या, "कधी येतोस रे?" भाऊ म्हणाले, "तारीख लागली की गो." मी तेवढ्यात बटण दाबलं.

फोटो हललेला आला आहे. भाऊंचं तोंड अर्धं ज्योतीमागे गेलंय, नलूताई डोळे मिटून आहेत, तबक कोणाचं आणि हात कोणाचे ते कळत नाही. भाऊंच्या नियमाने तो बादच व्हायला हवा. मी पुन्हा काढतो म्हटलं, तर नको म्हणाले. संध्याकाळी बाजारात जाऊन छापून आणायचा होता, म्हणून मी निघताना विचारलं, दहा प्रती ना?

"दोन," भाऊ म्हणाले. "एक तिला, एक मला."